वकिलाच्या जाहिरातीविरुद्ध तक्रार: सोलापुरातून अर्ज कुठे आणि कसा करायचा

घरातलं माणूस अपघातात सापडलंय, आपण दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलोय आणि कुणीतरी वकिलाचं कार्ड हातात ठेवून म्हणतं, "क्लेम मिळवून देतो, मिळेल त्यातले इतके टक्के द्या." अशा वेळी माणूस कशालाही हो म्हणतो, म्हणूनच मला या प्रकाराची चीड येते. बार कौन्सिल ऑफ इंडिया म्हणजे देशभरातल्या वकिलांसाठी नियम करणारी संस्था, तिचा नियम ३६ सांगतो की वकिलानं जाहिरात करून किंवा दलाल लावून काम मिळवू नये. नियम २० नुसार मिळणाऱ्या रकमेत वाटाही ठरवता येत नाही. पाटीवर 'माजी न्यायाधीश', 'बारचे अध्यक्ष' किंवा 'अमुक केसेसचे तज्ज्ञ' लिहायलाही मनाई आहे. वेबसाइट मात्र चालते. २००८ च्या दुरुस्तीनं नाव, पत्ता, फोन, सनद (वकिलीचा परवाना) क्रमांक, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढी माहिती देण्याची मुभा दिली आहे. तेव्हा नुसतं नाव नेटवर दिसलं म्हणून तक्रार करू नका.

बरेच जण कोर्टाच्या आवारात बार असोसिएशनकडे जातात. ती वकिलांची संघटना आहे, समज देऊ शकेल, पण सनद तिच्या हातात नाही. कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं असलं तरी हा अर्ज तिथंही जात नाही. वकील कायदा, १९६१ च्या कलम ३५ खाली तो मुंबईला, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडेच करायचा.

तक्रार कुणीही करू शकतो. त्या वकिलाचा पक्षकार असायची गरज नाही. अर्ज मराठीत चालतो. फक्त शेवटी सही आणि दिवाणी दाव्यात असतं तसं सत्यापन (लिहिलेलं खरं आहे असं सहीनिशी सांगणं) हवं, नुसतं पत्र पुरत नाही. वकिलाचं पूर्ण नाव, पत्ता, मिळाला तर सनद क्रमांक, घटना कधी आणि कुठे घडली हे लिहा. मूळ पत्रक किंवा कार्ड जपून ठेवा आणि अर्जाला प्रत जोडा. व्हॉट्सअॅपचा मेसेज असेल तर पाठवणाऱ्याचा नंबर आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, आणि फोनमधला मूळ मेसेज पुसू नका. फी आणि प्रती किती, हे कौन्सिलच्या कार्यालयात विचारूनच पाठवा.

तक्रारीत तथ्य वाटलं तर ती तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीकडे जाते. ताकीद, ठरावीक काळ सनद निलंबित किंवा कायमची रद्द, अशी शिक्षा होऊ शकते. मध्येच तडजोड झाली एवढ्यावरून चौकशी बंद होत नाही. निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील करता येतं.

आणि त्या कार्डवाल्याची गरजच पडू नये म्हणून: जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे विडी वळणाऱ्या बायांनी थेट जावं. फोन करायचा तर १५१००.