करकोच्याचं पहिलं वर्ष

मार्चअखेरीस नाथसागराचं पाणी मागं हटतं. उघड्या पडलेल्या गाळात आसपासचे शेतकरी गाळपेर करतात आणि त्या पेऱ्याच्या कडेनं, घोटाभर पाण्यात, चित्रबलाक उभे असतात. करकोच्यांमधला हा सगळ्यांत देखणा पक्षी. पिवळी लांब चोच, नारिंगी डोकं, शेपटीपाशी गुलाबी पिसं. पण त्या थव्यात दोन-तीन पक्षी मळकट तपकिरी दिसतात, कपडे न बदलता आल्यासारखे. ती यंदाची पिल्लं.

त्यातलं एक मी तासभर बघत होतो. चित्रबलाक डोळ्यांनी मासे शोधत नाही. अर्धी उघडी चोच पाण्यात धरून तो डोकं डावी-उजवीकडे फिरवतो, पायानं चिखल ढवळतो, आणि मासा चोचीला लागला की चोच झटकन मिटते. मोठ्या पक्ष्याला हे सहज जमत होतं. पिल्लाची चोच मात्र बहुतेक वेळा रिकामीच मिटत होती.

हे पिल्लू कुठल्या झाडावर जन्मलं? इंदापूरजवळ भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाकांची मोठी वीण होते, तिथून आलं असेल का? पावसाळ्यात कुठं जाईल? पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जगेल का? दर जानेवारीत आपण पाणपक्ष्यांची गणना करतो. त्यातून किती पक्षी आहेत ते कळतं, पण न आलेल्या पक्ष्यांचं काय झालं हे त्या आकड्यात नसतं. आणि करकोच्याच्या आयुष्यातलं सगळ्यांत अवघड वर्ष पहिलं असतं. युरोपातल्या पांढऱ्या करकोच्याची निम्म्याहून अधिक पिल्लं घरटं सोडल्यावर वर्षभरही जगत नाहीत. हे तिथं ठामपणे सांगता येतं, कारण तिथं एकेका पिल्लाची नोंद ठेवली जाते.

या नोंदीची सुरुवातही एका करकोच्यापासूनच झाली म्हणायला हरकत नाही. 1822 साली जर्मनीतल्या क्ल्युट्झ गावाजवळ एक पांढरा करकोचा सापडला. त्याच्या मानेत आरपार घुसलेला बाण होता आणि तो मध्य आफ्रिकेतला होता. थंडीत गायब होणारे पक्षी जातात कुठं, या जुन्या वादात तो पक्ष्यानं स्वतः वाहून आणलेला पुरावा ठरला. पुढं 1899 मध्ये डेन्मार्कच्या मॉर्टेनसन या शिक्षकानं मैनेच्या जातीतल्या पक्ष्यांच्या पायात क्रमांक कोरलेली अ‍ॅल्युमिनियमची कडी घातली. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं 1927 पासून हे काम सुरू केलं. एक साधं कडं किती सांगून जातं पाहा: भरतपूरला कडं घातलेलं चित्रबलाकाचं पिल्लू थेट ओडिशातल्या चिलिका सरोवरावर सापडलं. थायलंडमध्ये कडं घातलेला मुग्धबलाक, म्हणजे आपला गोगलगायी खाणारा घोंगल्या फोडा, 1500 किलोमीटरवर बांगलादेशात मिळाला.

कडं घालायची वेळ नेमकी साधावी लागते. माणूस घरट्यापाशी आला की पांढऱ्या करकोच्याची लहान पिल्लं अंग टाकून मेल्यासारखी पडून राहतात. तेवढ्यात काम उरकता येतं. पिसं भरल्यावर गेलात तर पिल्लू घाबरून घरट्याबाहेर उडी मारतं. कडं पायाच्या वरच्या भागात, आपल्याला गुडघा वाटतो त्या सांध्याच्या वर, घालतात. त्यामागचं कारण मला फार आवडतं. उन्हात अंग थंड ठेवायला करकोचा स्वतःच्या पायांवर पातळ विष्ठा सोडतो, ती वाळताना उष्णता घेऊन जाते. कडं खाली असेल तर त्यात हा थर साचून दगडासारखा होतो आणि पायाला इजा होते.

पण कडं दोनच ठिकाणं सांगतं, जिथं घातलं ते आणि जिथं सापडलं ते. मधला सगळा प्रवास कळतो तो पाठीवरच्या ट्रान्समीटरमुळे. सौरऊर्जेवर चालणारं हे यंत्र दप्तरासारखं पाठीवर बांधतात. वजन पक्ष्याच्या वजनाच्या साधारण तीन टक्क्यांच्या आत ठेवायचा दंडक आहे. म्हणजे अडीच किलोच्या चित्रबलाकाला फार तर 75 ग्रॅम. यंत्र ठिकाण तर कळवतंच, शिवाय शरीराची हालचालही मोजतं. पक्षी पंख मारतोय की तापलेल्या हवेच्या भोवऱ्यावर नुसता तरंगतोय, हे त्यातून समजतं. हालचाल पूर्ण थांबली, तर कार्यकर्ते त्या ठिकाणी जाऊन मृत्यूचं कारण शोधू शकतात.

2014 मध्ये जर्मनीच्या राडोल्फझेल इथल्या संशोधकांनी पांढऱ्या करकोच्याच्या एकत्र उडणाऱ्या 27 पिल्लांचा असा माग ठेवला. काही पिल्लं स्वतः हवेचे भोवरे शोधत पुढं जात, बाकीची मागं राहत. मागच्यांना पंख जास्त मारावे लागत. पुढची पिल्लं आफ्रिकेपर्यंत गेली, मागची बरीचशी स्पेनकडेच थांबली. निघाल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांतल्या उडण्यावरूनच कोण किती लांब जाईल याचा अंदाज बांधता आला. मला यातली मोठी गोष्ट ही वाटते, की थव्यातलं प्रत्येक पिल्लू वेगळं निघालं.

युरोपातल्या या नोंदींमध्ये मृत्यूचं एक कारण सतत पुढं येतं: विजेच्या तारा. ते मी आपल्याकडेही पाहिलं आहे. पैठणच्या वरच्या अंगाला, गाळपेराच्या वाटेवर, डीपीखाली एक तपकिरी चित्रबलाक पडला होता. दीड मीटरचा पंखविस्तार, एकाच वेळी दोन तारांना टेकला असणार. एका पंखाच्या टोकाशी पिसं जळून गोळा झाली होती.

"रातीच पडलंय बघा सर," शेतातले मामा म्हणाले. "फाटकन आवाज झाला आन् लाइट गेली."

मी खाली बसून आधी त्याचे पाय पाहिले.

"काय शोधताय?"

"कडं. नंबर असतो त्याच्यावर. कुठलं पिल्लू ते कळतं."

कडं नव्हतं. जन्म कुठला, आलं कधी, काहीच सांगता येत नव्हतं. जागा, तारीख आणि खांब एवढंच वहीत लिहिलं. खांबाजवळच्या तारांवर आवरण चढवणं हा उपाय अवघड नाही, पण नेमक्या कोणत्या खांबांवर ते आधी चढवायचं, हे पिल्लांच्या वाटा कळल्याशिवाय ठरत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की भादलवाडीसारख्या विणीच्या जागी, 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार परवानगी घेऊन, दरवर्षी थोड्या पिल्लांना तरी ट्रान्समीटर आणि बाकीच्यांना लांबून वाचता येतील अशी रंगीत कडी घालायला हवीत. कडी दुर्बिणीतून कुणीही वाचू शकतं. नंबर, जागा, तारीख आणि जमलं तर फोटो, एवढं कळवलं की पुरे. मेलेल्या पक्ष्याचंही कडं कळवायचं.

मामांना मी जुनी दुर्बीण देऊन आलो. परवा त्यांचा फोन आला. बारा करकोचे उतरलेत, त्यांतली तीन मळकी.

"दोघांचे पाय बघितले, काही नाही. तिसरं गुडघ्यावर बसून ऱ्हायलंय. उठलं की सांगतो."