काळा की पांढरा: मिनिएचरच्या पहिल्या थराचा वाद

मुंबईत टेबलावरच्या युद्धखेळांसाठी मिनिएचर, म्हणजे चिमुकले शिपाई, रंगवणाऱ्यांत सध्या दोन तट आहेत. नवी मंडळी काळ्या प्रायमरवर (वरचा रंग धरावा म्हणून दिलेल्या पहिल्या थरावर) आधी राखाडी, मग पांढरा ड्रायब्रश मारतात, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवर फिरवतात, वरून पारदर्शक रंग सोडतात आणि एका बैठकीत अख्खी तुकडी उरकतात. या पद्धतीला ‘स्लॅपचॉप’ म्हणतात. जुन्यांना हे रंगवणंच वाटत नाही. भांडण वरच्या रंगावरून होत असलं तरी त्याची मुळं प्रायमरच्या रंगात सापडतात.

1983 मध्ये इंग्लंडमध्ये एक फँटसी युद्धखेळ आला, 1987 मध्ये त्याची दूरच्या भविष्यातली आवृत्ती. तोवर मॉडेलवाल्यांचा भर पाण्यात न कालवता येणाऱ्या एनॅमल रंगांवर होता. पाण्यात कालवायचे अ‍ॅक्रिलिक याच सुमारास रुळले. या खेळांना दहा-वीस नव्हे, पन्नास-साठ शिपाई लागत. तेव्हा काळा प्रायमर सोयीचा ठरला. पट्ट्याखाली, काखेत, चिलखताच्या सांध्यात ब्रश पोचला नाही तरी तिथे सावलीच पडल्यासारखी दिसे. चिलखतावर चंदेरी रंगाचा कोरडा हात फिरवला की काम झालं. नव्वदीच्या दशकात शिशाचे शिपाई मागे पडले, पुढे प्लास्टिकचे वाढले, पण काळ्याची सवय टिकली. अडचण पिवळ्याची आणि लालची. हे रंग काळ्याला झाकत नाहीत. चार-पाच हात देऊनही मळकट दिसतात. म्हणून उजळ गणवेशाच्या फौजा पांढऱ्यावर रंगवल्या जात आणि मग खोलगट भागांत पातळ गडद वॉश सोडावा लागे.

खरी ठिणगी 2019 मध्ये पडली. हे खेळ काढणाऱ्या त्याच इंग्लिश गोटातून असा रंग बाजारात आला, जो एकाच हातात मूळ रंग आणि सावली दोन्ही देतो. तो पातळ आणि पारदर्शक असतो. उंचवट्यावरून ओघळून खाचेत साठतो, त्यामुळे वर फिका आणि आत गडद दिसतो. अट एकच, खाली उजळ थर हवा. त्यासाठी हाडासारखा पिवळसर आणि फिकट राखाडी असे दोन स्प्रेही सोबतच काढले. काळ्यावर हा रंग दिसतच नाही, म्हणजे तीस वर्षांची सवय एका झटक्यात उलटी. आक्षेप आले ते कौशल्याच्या नावाने: थर चढवणं, कडा उजळणं हे कोण शिकणार? आक्षेप अगदी पोकळ नाही. ढालीसारख्या सपाट जागेवर या रंगाचे डाग पडतात आणि तिथे जुनाच हात लागतो. पण कपाटात वर्षानुवर्षं न रंगवता राखाडी पडून राहिलेल्या फौजा या रंगाने खेळात उतरवल्या, हे त्याचं मोठं श्रेय आहे आणि ते पुरेसं दिलं जात नाही. 2022 मध्ये दुसऱ्या एका उत्पादकाने असाच स्वस्त संच आणला; त्यावर ओला हात दिला की खालचा थर पुन्हा सुटायचा. पुढच्याच वर्षी सुधारित संच आला. स्लॅपचॉपचा बोलबाला याच काळातला. त्यात सावली काळ्याची, उजेड पांढऱ्याचा, त्यामुळे जुना वाद खरं तर मिटायला हवा होता.

मुंबईत या वादाला हवामानाची बाजू आहे. जून ते सप्टेंबर दमट हवेत मारलेला स्प्रे धुरकट किंवा दाणेदार वाळतो आणि शिपायाचे नाक-डोळे बुजतात. गाड्यांच्या रंगाचा डबा स्वस्त पडतो, पण जाड फवारला तर त्यातलं द्रावण प्लास्टिक मऊ करतं. त्यात स्प्रे मारायला मोकळी जागा चाळीत नाही आणि फ्लॅटमध्येही नाही. म्हणून इथे ब्रशने लावायचा प्रायमर किंवा चित्रकारांचा जेसो (कॅनव्हासवर आधी लावायचा लेप) पातळ करून वापरणं हाच शहाणपणाचा मार्ग आहे. परदेशी व्हिडिओंत त्याला दुय्यम मानतात, तो भाग वेगळा.

रंगांच्या निवडीतही इथला डोळा वेगळा आहे. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे भगव्या-हिरव्या सपाट रंगांत पाहत वाढलेल्यांना करडं, चिखलाळ चिलखत फिकं वाटतं. टेबलावर 28 मिलिमीटरचा शिपाई हात-दोन हातांवरून पाहायचा असतो. तिथून तीन ठळक रंग ओळखू येतात, सातवा-आठवा येत नाही. म्हणून नवख्यांना सध्या सुचवला जाणारा संच आटोपशीर असतो: एक मुख्य रंग, एक विरोधी, एक धातूचा, तपकिरी वॉश आणि पांढरा.