वाइन जितकी जुनी तितकी भारी?

"वाइन जितकी जुनी तितकी भारी" हा मेसेज सगळ्यांकडे फिरून आलाय. काही महागड्या रेड वाइन्सबद्दल ते खरंच आहे, म्हणून तर समज टिकलाय. पण वर्षानुवर्षं मुरायला टॅनिन (द्राक्षाच्या सालींतून येणारा तुरटपणा) आणि आंबटपणा तगडा लागतो, आणि सातआठशेची रेड बहुतेक वेळा दोन-तीन वर्षांत प्यायलाच बनवलेली असते, पुढे फळांचा वास उतरत जातो, त्यात माळ्यावर मे महिना काढला असेल तर विचारूच नका. बघायचंय? लेबलवरचं साल बघून एकाच वाइनच्या नव्या-जुन्या दोन बाटल्या आणा, ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा. नवीची कड जांभळट, जुनीची विटकरी दिसेल. मग एकेक घोट घ्या. माझी सहा वर्षं जपलेली बाटली शेवटी मटणाच्या रश्श्यात गेली.