परदेशी पातं, दख्खनी मूठ: मराठ्यांच्या तलवारींमागचा इतिहास

एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या एका लिलावात महाराष्ट्र शासनाने एक तलवार विकत घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातल्या पहिल्या रघूजींची ही तलवार. पात्याच्या पाठीवर देवनागरीत सोन्याच्या अक्षरांनी त्यांचं नाव आहे, ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब आहे आणि शेवटी एक छोटा शब्द आहे: ‘फिरंग’. बातम्यांमध्ये किंमत आली, मिरवणूक आली. या शेवटच्या शब्दाकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. माझ्या मते या तलवारीची सगळी गोष्ट त्या एका शब्दात आहे.

फिरंग म्हणजे फिरंग्यांची, युरोपातून आलेली. बंगालपर्यंत घोडी नेणाऱ्या मराठा सेनापतीच्या हातात युरोपी पातं होतं आणि त्याने ते लपवलं नाही, उलट सोन्यात कोरून घेतलं. त्या काळी यात कमीपणा वाटत नव्हता. चांगलं पातं मिळवणं ही कर्तबगारी मानली जाई.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं आणि पश्चिम किनाऱ्यावर युरोपी मालाची वाट रुळली. त्या मालात तलवारींची नुसती पाती, बिनमुठीची, येऊ लागली. जर्मनीतलं झोलिंगन, स्पेनमधलं टोलेडो, उत्तर इटलीतली गावं ही पाती घडवण्यासाठी नावाजलेली होती. लांब, सरळ, अंगावर पन्हळी असलेली आणि वाकवली तर पुन्हा सरळ होणारी ही पाती दख्खनेत इतकी आवडली, की इथले लोहारही तशीच घडवू लागले. हळूहळू त्या घाटाच्या तलवारीलाच लोक फिरंग म्हणू लागले, मग पातं कुठलंही असो. कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांनी १८७५-७६ च्या दौऱ्यात इंग्लंडच्या युवराजाला भेट दिलेली, आपण जगदंबा म्हणून ओळखतो ती तलवारही सरळ, युरोपी पात्याचीच आहे.

पण सरळ तलवार काही फिरंग्यांनी आणली नाही. गावोगावच्या वीरगळांकडे पाहा. दगडातला तो वीर सरळ तलवार आणि ढाल घेऊन उभा आहे, आणि त्यातले कितीतरी दगड पोर्तुगीज येण्याच्या शेकडो वर्षं आधीचे आहेत. खंडा हा त्याच जुन्या घराण्यातला: सरळ, दुधारी, टोकाकडे रुंद होत जाणारा. वजन पुढच्या बाजूला असल्यामुळे त्याचा घाव कुऱ्हाडीसारखा बसतो. हाड, ढाल, जाड अंगरखा यांवर तो चालतो, पण एकदा घाव घातला की परत सावरायला वेळ लागतो. खंडोबाच्या हातात तो आहेच. जेजुरीला दसऱ्याला जो सुमारे ४२ किलोचा खंडा गडी दातांनी उचलतात तो देवाचा, भक्तीचा. लढाईतल्या तलवारीचं वजन साधारण एक-सव्वा किलो. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्या राजांच्या तलवारी चाळीस-पन्नास किलोंच्या होत्या असं अजूनही भाषणांतून ऐकायला मिळतं. तासन्‌तास हत्यार चालवायचं तर ते हलकंच हवं. हलकं असणं हा लोहाराचा मोठेपणा आहे.

दुसरी परंपरा वाकड्या तलवारीची. ती मध्य आशिया आणि इराणकडून, तुर्क-मोगलांच्या घोडेस्वारांबरोबर आली. घोड्यावरून तलवारीचं गणित बदलतं. भरधाव घोड्यावरून सरळ धार मारली तर ती अंगात रुतते, घोडा पुढे जातो आणि तलवार हातातून निसटते किंवा मनगट पिळवटतं. वाकडं पातं रुतत नाही, सरकत जातं आणि सरकताना चिरतं. त्यासाठी हात थोडा मागे ओढावा लागतो. म्हणूनच वाकड्या तलवारीने नुसतं झोडपणाऱ्याला तिचा फायदा कधीच मिळत नाही.

संग्रहालयात अशी तलवार पाहताना हमखास ऐकू येतं, ‘मूठ किती लहान! त्या वेळच्या माणसांचे हात छोटे असणार.’ हात छोटे नव्हते. मुठीच्या टोकाला असलेली ती गोल वाटी, जिला कटोरी म्हणतात, मनगटाला टेकावी आणि पंजा आत घट्ट अडकावा अशीच ती रचना आहे. मनगट फार मोकळं राहू नये, घाव खांद्यातून आणि कोपरातून यावा, हा तिचा हेतू. युरोपातल्या पट्टीच्या तलवारबाजासारखं मनगट फिरवून टोक नाचवायला गेलात तर ही कटोरी लगेच मनगटात रुतते. तलवार स्वतःच सांगते, मला असं चालवू नकोस.

म्हणून कोणती तलवार भारी, हा वाद पात्यांच्या लांबी-वजनावरून घालण्यात मला अर्थ वाटत नाही. आधी मूठ पाहावी. एकच पातं तीन वेगवेगळ्या मुठींत बसवलं तर तीन वेगळी हत्यारं होतात. दख्खनेत नेमकं हेच घडलं. युरोपातून पातं आलं, त्याची मूळ मूठ आलीच नाही आणि इथल्या कारागिराने आपल्या लढाईला साजेशी मूठ चढवली.

फिरंगेची मूठ बहुधा खंड्यासारखी असते. बोटांवर रुंद परज, म्हणजे हाताला वाचवणारी आडपट्टी, आत गादी आणि टोकाला एक लांब दांडी बाहेर आलेली. ही दांडी शोभेची नाही. दुसऱ्या हाताने ती धरली की दोन हातांचा घाव घालता येतो. स्वाराला या लांब सरळ पात्याचा आणखी एक उपयोग. मराठा स्वाराचं पहिलं हत्यार भाला. तो मोडला किंवा हातचा गेला की पुढे टोक रोखून घोडा घालायला फिरंग कामी येते. चिलखताच्या कड्यांवरून वाकडी धार घसरते, सरळ टोक मात्र कड्यांत शिरू शकतं. धोप ही मराठी कागदपत्रांत आणि बखरींत भेटणारी तलवारही याच सरळ, लांब जातीची. दख्खनेतून ती मोगल दरबारातही गेली आणि तिथे मानाचं हत्यार ठरली.

तिसरी मूठ पट्ट्याची, म्हणजे दांडपट्ट्याची, आणि तिच्याशी मला सर्वांत जास्त आपुलकी आहे. इथे मूठ उरतच नाही, हात पोलादाच्या खोळीत कोपरापर्यंत जातो. आत आडवी दांडी पकडायची, वर हाताला बंद आवळायचा आणि पुढे तीन-चार फूट लांब, पातळ, लवचिक, दुधारी पातं. कट्यारीत मूठ अशीच आडवी असते, त्यामुळे पट्टा तिच्यापासूनच वाढत गेला असावा, असं मला वाटतं. मनगट पूर्ण बंद झालं, आता पातं म्हणजे हाताचंच लांबलेलं हाड. त्यामुळे पट्टेकरी एका जागी उभा राहून लढूच शकत नाही. घाव फिरवायचा तर कंबर फिरली पाहिजे, पाय फिरले पाहिजेत. एका माणसाभोवती धारेचं रिंगण तयार होतं आणि चार जणांना त्यात पाऊल टाकता येत नाही. हत्यार हातातून उडवून लावणंही जवळजवळ अशक्य. याची किंमतही आहे: पट्टा चटकन टाकून दुसरं हत्यार घेता येत नाही आणि अगदी अंगाशी भिडलेल्या शत्रूपुढे लांब पातं अडचणीचं होतं.

प्रतापगडाचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा आठवून पाहावा. १० नोव्हेंबर १६५९. अफझलखानाचा सय्यद बंडा पट्टा घेऊन महाराजांवर धावला आणि जिवा महालाने त्याचा पट्ट्याचा हातच हत्यारासकट तोडला, असं सभासदाची बखर सांगते. पट्टा ज्याला कळतो त्याला हा वार किती अचूक होता ते कळेल. खोळीतला हात झटकून हत्यार पाडता येत नाही, हातच थांबवावा लागतो, आणि त्यासाठी फिरत्या पात्याच्या आत शिरावं लागतं. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ हे आपण सहज म्हणतो. त्यामागे त्या एका पावलाचं धाडस आहे.

धारेबद्दल एक गोष्ट राहिली. एकोणिसाव्या शतकात नोलन नावाच्या इंग्रज घोडदळ अधिकाऱ्याने निजामाच्या स्वारांच्या तलवारींचे घाव पाहिले आणि तो चकित झाला. चौकशी केली तर पाती इंग्रजांच्याच फौजेने मोडीत काढलेली निघाली. इथल्या स्वारांनी त्यांना आपली मूठ चढवली, वस्तऱ्यासारखी धार लावली आणि लाकडी म्यानात ठेवली. इंग्रज शिपाई तीच पाती लोखंडी म्यानात ठेवी, दर वेळी काढता-घालताना ती बोथट होत. १८५३ मध्ये त्याने हे पुस्तकात छापलं. फिरंगेच्या वेळी जे झालं तेच तीनशे वर्षांनी पुन्हा झालं होतं.

१८१८ नंतर फौजा मोडल्या, १८७८ च्या हत्यारबंदीच्या कायद्याने उरलीसुरली हत्यारं माळ्यावर गेली. विद्या मात्र मर्दानी खेळाच्या आखाड्यांत टिकली, विशेषतः कोल्हापुरात. १९ फेब्रुवारी २०२४ रोजी शिवजयंतीला शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला, तो या आखाड्यांच्या जोरावर. तिथे आजही आधी लाठी येते, मग फरीगदका, म्हणजे छोटी ढाल आणि काठी, आणि पवित्रा पक्का झाल्यावरच पट्टा हातात चढतो. जमिनीवर ठेवलेलं लिंबू कापताना नव्या मुलाचा हात पहिल्यांदा चुकतो, कारण तो मनगटाने मारायला बघतो. वस्ताद त्याच्या खांद्यावर थाप मारतात आणि म्हणतात, ‘इथनं.’