मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना

शिक्षण संपले, पण नोकरी लागलेली नाही अशा तरुणांना सरकारी कार्यालयांत किंवा खासगी आस्थापनांत ठरावीक मुदतीसाठी काम देऊन दरमहा विद्यावेतन देणारी महाराष्ट्र शासनाची योजना. बोलण्यात ‘लाडका भाऊ’. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी ती जाहीर केली. त्याच अर्थसंकल्पात ‘लाडकी बहीण’ होती, त्यामुळे ‘मग भावांचं काय?’ हा प्रश्न लगेच आला. तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी आषाढी एकादशीला पंढरपुरात या योजनेकडे बोट दाखवले आणि टोपणनाव चिकटले ते चिकटलेच. कल्पना मात्र सर्वस्वी नवी नव्हे. रोजगार प्रोत्साहन कार्यक्रम या नावाने असा प्रयोग राज्यात १९७४ पासून होता.

वयाची अट १८ ते ३५. विद्यावेतन बारावी उत्तीर्णाला ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधर, पदव्युत्तराला १०,००० रुपये. उमेदवार महाराष्ट्राचा रहिवासी हवा. नोंदणी ‘महास्वयम’ संकेतस्थळावर होते, आणि पैसे कार्यालयाच्या हातून न जाता थेट आधार जोडलेल्या बँक खात्यात येतात. योजना कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नावीन्यता विभागाची.

कागदावर हे प्रशिक्षण आहे. कार्यालयात मात्र कामाला माणूस मिळाला, असाच हिशेब होतो. रिकाम्या पदांचे दुखणे सगळीकडेच जुने. त्यामुळे ग्रामपंचायतीत आलेला पदवीधर पहिल्याच आठवड्यात संगणकासमोर बसतो: दाखल्यांचे अर्ज भरणे, घरपट्टीच्या नोंदी चढवणे, ग्रामसेवक दुसऱ्या गावी गेला की आलेल्या माणसाला ‘उद्या या’ म्हणणे. कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्ग सांभाळतो. शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण, हे ठरलेले नसते. बहुतेक वेळा आधीचा लिपिकच ‘हे असं भर’ एवढे सांगून आपल्या टेबलाकडे वळतो. हाताला वळण लागते, हे खरे. हजेरी वेळेत चढली नाही तर विद्यावेतन अडते, हेही तितकेच खरे.

मुदत सुरुवातीला सहा महिने होती. २०२५ मध्ये ती पाच महिन्यांनी वाढवून अकरा करण्यात आली. या वाढीमागे प्रशिक्षणार्थ्यांची आंदोलने होती. त्यांची मूळ मागणी कायम करून घेण्याची. योजनेत नोकरीची हमी कुठेच नव्हती, तरी रोज त्याच खुर्चीवर बसणाऱ्याला ती आपली वाटू लागते, आणि नियमांच्या भाषेला याचे उत्तर नाही.

या योजनेची गल्लत मुख्यमंत्री फेलोशिपशी करू नये. २०१५ मध्ये देवेंद्र फडणवीस यांच्या काळात सुरू झालेली फेलोशिप निवडक पदवीधरांसाठी आहे, तिची निवडपरीक्षा कठीण आणि मानधन कितीतरी अधिक.

शिक्षण चालू असलेल्यांना ‘लाडका भाऊ’मध्ये जागा नाही. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या वाट्याला नव्या शैक्षणिक धोरणातली ‘ओजेटी’ (ऑन द जॉब ट्रेनिंग, म्हणजे अभ्यासक्रमाचाच भाग असलेले प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण) येते. तिथे श्रेयांक मिळतात, पैसे मिळतीलच असे नाही. म्हणून एकाच कार्यालयात शेजारी बसून तेच रजिस्टर भरणाऱ्या दोघांपैकी एकाच्या खात्यात १०,००० रुपये जमा होतात आणि दुसरा सही-शिक्क्यासाठी साहेबांची वाट बघतो.