बटण दाबलं, पण फ्रेम चुकली

दिवाळीच्या साफसफाईत नाशिकमधल्या सिडको-सातपूरच्या घरांतले माळे रिकामे होतात आणि पितळी भांड्यांच्या मागून कधीकधी नव्वदच्या दशकातला व्हिडिओ गेम निघतो. पिवळं पडलेलं प्लॅस्टिक, ‘९९९९ गेम्स’ असा बिनधास्त खोटा आकडा छापलेली कॅसेट आणि मुळाशी वायर तुटलेले दोन रिमोट. मशीन बऱ्याचदा चालू होतं. रिमोट मात्र गेलेले असतात. मग घरातली तरुण मंडळी ऑनलाइन शोधायला बसतात आणि चक्रावतात, कारण प्रत्येक वायरलेस कंट्रोलरवर ‘झिरो लॅग’ असं लिहिलेलं असतं.

लॅग म्हणजे बटण दाबल्यापासून ते मशीनला कळेपर्यंतचा उशीर, आणि झिरो लॅग असं काही नसतं. रेडिओवरून माहिती पाठवायची म्हटली की वेळ जाणारच. खरा प्रश्न एवढाच, की किती वेळ गेला तर खेळणाऱ्याला कळतो. त्याचं उत्तर कंट्रोलरच्या खोक्यावर नाही, जुन्या मशीनच्या वाचनपद्धतीत आहे.

आपल्याकडचे ते व्हिडिओ गेम बहुतेक सगळे निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या नकला. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला बाजारात आला, अमेरिकेत १९८५ मध्ये त्याचंच रूप एनईएस नावाने गेलं. त्याचा रिमोट उघडलात तर निराशाच होईल: बटणांखाली रबराचं एक पान, एक छोटी पट्टी आणि तिच्यावर ४०२१ नावाची एकुलती एक चिप. नकली रिमोटमध्ये तर तीही दिसत नाही, काळ्या गोळ्याखाली झाकलेली असते. या चिपला शिफ्ट रजिस्टर म्हणतात. मशीन ‘लॅच’ नावाच्या तारेवर इशारा देतं, त्या क्षणी आठही बटणांची स्थिती चिपमध्ये गोठते. मग ‘क्लॉक’च्या तारेवर एकेक ठोका पडतो आणि ‘डेटा’च्या तारेवरून एकेका बटणाची खबर बाहेर येते. क्रम ठरलेला: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. या तीन तारा आणि वीजपुरवठ्याच्या दोन, म्हणजे पाच तारांत सगळा संसार. सगळं वाचन मिलिसेकंदाच्या एका छोट्या भागात उरकतं.

आणि मग मशीन रिमोटकडे ढुंकूनही बघत नाही, पुढची फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं पुढचं चित्र, येईपर्यंत. भारतातल्या जुन्या टीव्हीपद्धतीत सेकंदाला ५० वेळा चित्र रंगवलं जायचं, म्हणजे दोन वाचनांमध्ये २० मिलिसेकंद. जपानी-अमेरिकी मशीनमध्ये हाच आकडा ६० आणि सुमारे १६.७ मिलिसेकंद. गेमच्या दुनियेत काळ वाहत नाही, पावलं टाकतो. दोन पावलांच्या मध्ये तुम्ही बटण कधी दाबलंत याच्याशी मशीनला काही देणंघेणं नसतं.

सीबीएसवरून दर अर्ध्या तासाने बस सुटते असं धरा. घरून निघायला तीन मिनिटं उशीर झाला, तर मुक्कामी पोचायला तीन मिनिटं उशीर होत नाही. एक तर काहीच फरक पडत नाही, नाहीतर पूर्ण अर्धा तास जातो. वायरलेस कंट्रोलरचा लॅग अगदी असाच वागतो. समजा कंट्रोलरने ४ मिलिसेकंद घेतले. २० मिलिसेकंदांच्या फ्रेममध्ये याचा अर्थ असा, की पाचातली चार बटणं वायरच्या रिमोटसारखीच त्याच फ्रेमला लागतात आणि पाचवं पुढच्या फ्रेमवर जातं. १० मिलिसेकंद घेतले तर निम्मी जातात. २० झाले की प्रत्येक दाब किमान एक फ्रेम मागे. सरासरी काढलीत तर उशीर तेवढाच येतो, ४ चे ४ आणि १० चे १०, पण खेळताना सरासरी कुणाच्याच वाट्याला येत नाही. वाट्याला येते ती एकतर शून्य फ्रेम किंवा एक.

एका फ्रेमने काय बिघडतं? मारिओ पूर्ण वेगात पळतो तेव्हा एका फ्रेममध्ये अडीच पिक्सेल पुढे जातो. त्याची वीट १६ पिक्सेल रुंद. म्हणजे एक फ्रेम चुकली तर उडी विटेच्या जेमतेम सहाव्या भागाइतकी उशिरा. कड्याच्या अगदी टोकावरून उडी मारायची खोड असेल तर खड्ड्यात जाल, एरवी कळणारही नाही. तीन-चार फ्रेम गेल्या मात्र अर्ध्या विटेचा फरक पडतो आणि तो हाताला लगेच जाणवतो. ‘माणसाचा प्रतिसादच २०० मिलिसेकंदांचा असतो, मग १० ने काय होतंय’ असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो, पण तो इथे लागू पडत नाही. ते २०० मिलिसेकंद अचानक काही दिसल्यावर दचकून बटण दाबण्याचे. सरावाच्या गेममध्ये आपण दचकत नाही, कडा कधी येणार ते आधीच ठाऊक असतं आणि अंगठा ताल धरून खाली येतो. ताल चुकलेला माणसाला फार बारीक कळतो.

म्हणूनच मला सरासरी लॅगपेक्षा त्याची चढउतार जास्त महत्त्वाची वाटते. उशीर कायम सारखाच असेल तर हात चार-दोन डावांत जुळवून घेतो. कधी ३, कधी १५ असा असेल तर जुळवायचं कशाशी? खोक्यावर मात्र या चढउतारीबद्दल अक्षर नसतं.

ती येते कुठून, तर गर्दीतून. ब्लूटूथ असो की कंपनीचा स्वतःचा डोंगल (कंट्रोलरसोबत येणारा, मशीनला खोचायचा छोटा रिसीव्हर), दोघंही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. हा पट्टा परवान्याविना वापरता येतो, त्यामुळे वाय-फायसुद्धा तिथेच आणि मायक्रोवेव्ह ओव्हनचा गळका कचराही तिथेच. पारंपरिक ब्लूटूथ या पट्ट्याचे ७९ भाग पाडतं आणि सेकंदाला १६०० वेळा जागा बदलतं, म्हणजे एका जागी ६२५ मायक्रोसेकंद. २००३ मध्ये आलेल्या आवृत्तीपासून गजबजलेल्या जागा टाळायचंही त्याला कळायला लागलं. तरी एखादा संदेश वाटेत मार खातोच, तो पुन्हा पाठवावा लागतो आणि त्या दाबापुरता उशीर वाढतो. गंगापूर रोडच्या पलीकडे, मळ्यातल्या एकट्या बंगल्यात हे क्वचित घडेल. सिडकोत भिंतीला भिंत लावून उभ्या असलेल्या घरांत फोनवर वाय-फायची यादी उघडून बघा, शेजारपाजारची सगळी नावं रांगेने दिसतील. तिथे साधा उपाय असा, की स्वतःच्या घरातलं वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर न्यायचं आणि रिसीव्हर टीव्हीच्या मागे न दडवता समोर दिसेल असा ठेवायचा. पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषतं आणि माणूस बव्हंशी पाणीच आहे, त्यामुळे मध्ये मांडी घालून बसलेले आजोबाही अडथळा ठरू शकतात. त्यांना उठवण्यापेक्षा रिसीव्हर वर ठेवा.

डोंगलवाला चांगला की ब्लूटूथवाला? कंपनीचा स्वतःचा डोंगल एकाच कंट्रोलरसाठी बांधलेला असतो, म्हणून तो बहुधा चपळ असतो. ब्लूटूथची सोय अशी, की घरात आधीच पडलेला प्लेस्टेशनचा किंवा एक्सबॉक्सचा कंट्रोलर जुन्या मशीनला जोडता येतो. मी डोंगलकडे झुकतो, पण भांडण करण्याइतका नाही.

कारण खरा चोर बहुतेक वेळा टीव्हीच असतो. जुन्या डबा टीव्हीत मशीनकडून आलेला सिग्नल थेट नळीतल्या किरणाला हलवायचा, साठवून ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. एलसीडी टीव्ही आलेली फ्रेम साठवतो, मोठी करतो, रंग खुलवतो आणि मग दाखवतो. त्यात जुन्या मशीनचा सिग्नल त्याला ओळखू येत नाही. पूर्ण चित्राला तो अर्ध्या ओळींचं चित्र समजतो आणि दोन फ्रेम जोडायच्या खटपटीला लागतो. या सगळ्यात काही टीव्ही १०० मिलिसेकंदांच्याही वर वेळ खातात, म्हणजे पाच फ्रेम. अशा टीव्हीपुढे ४ मिलिसेकंदांचा महागडा कंट्रोलर घेणं म्हणजे पैसे गोदावरीत सोडणं. आधी टीव्हीतला ‘गेम मोड’ चालू करा. गल्लीत कुणाकडे डबा टीव्ही धूळ खात असेल तर तो मागून आणा. जुन्या सेटसोबत आलेली बंदूक चालवायची असेल तर दुसरा मार्गच नाही. ट्रिगर ओढल्यावर पडदा क्षणभर काळा होतो, मग निशाण्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला प्रकाशमापक तो नेमक्या वेळी दिसतो का ते बघतो. एलसीडीवर ती वेळ कधीच जुळत नाही.

लॅग स्वतः मोजताही येतो. हल्लीच्या बऱ्याच फोनमध्ये सेकंदाला २४० चित्रं टिपणारा स्लो मोशन असतो, म्हणजे एक चित्र सुमारे ४.२ मिलिसेकंदांचं. अंगठा आणि पडदा दोन्ही एका चौकटीत घ्या आणि बटण तळाला टेकल्यापासून मारिओचे पाय सुटेपर्यंतची चित्रं मोजा. आधी वायरच्या रिमोटने, मग वायरलेसने. टीव्हीचा उशीर दोन्हीत सारखाच, त्यामुळे वजाबाकीत उरतो तो कंट्रोलरचा. पण एका दाबावर निकाल देऊ नका, कारण तो दाब फ्रेमच्या सुरुवातीला पडला की शेवटाला, तुम्हाला माहीत नाही. तीसेक दाब तरी घ्या आणि सरासरीसोबत आकडे किती विखुरलेत तेही बघा.

लॅग जमला तरी हात जमेलच असं नाही. जुन्या रिमोटवर ए आणि बी शेजारी-शेजारी असतात. अंगठ्याच्या टोकाने बी दाबून पळायचं आणि अंगठा न उचलता, त्याच्या मधल्या भागाने ए दाबून उडी मारायची. नव्या कंट्रोलरवरची चार बटणं पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात मांडलेली असतात, त्यात डावं आणि खालचं बटण वापरलं तरच ही सवय टिकते. म्हणजे बटणं हवी तशी बदलता येणारा कंट्रोलर घ्या. चार दिशांचं फुलीच्या आकाराचं बटण गुन्पेई योकोई यांनी १९८२ मध्ये निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या गेमसाठी केलं. त्याच्या मधोमध टेकू असतो, डावी बाजू दाबली की उजवी वर उचलली जाते, त्यामुळे दोन्ही एकदम दाबणं जवळपास अशक्य. त्या काळच्या प्रोग्रॅमरनी यावर विसंबून काही गेम लिहिले. डावं-उजवं एकदम आलं तर त्या गेममधली पात्रं भलत्याच वेगाने सुटतात. चांगला रिसीव्हर अशी जोडी गाळून टाकतो. फुली स्वस्तातली, ढिली असेल तर सरळ चालताना नकळत ‘खाली’ लागतं आणि मारिओ पळता पळता बसतो. माझ्या मते कंट्रोलर निवडताना पहिला पारखायचा भाग हाच.

आता प्लग. मूळ एनईएस, सुपर निन्टेन्डो आणि सेगाच्या मेगा ड्राइव्हसाठी एटबिटडोसारख्या कंपन्यांचे तयार रिसीव्हर मिळतात. सहा बटणं लागणाऱ्या सेगाच्या गेमना त्यांचा एम३० हातात चांगला बसतो. आपल्याकडच्या नकली मशीनना बऱ्याचदा नऊ पिनांचा प्लग असतो, दिसायला हुबेहूब सेगासारखा. तो फसवा आहे. आतल्या तारांची मांडणी वेगळी, वीज येणारी पिनही वेगळी. बसतंय म्हणून सेगाचा रिसीव्हर खुपसू नका. अशा मशीनसाठी ईएसपी३२ या चिपवर चालणारा, सगळ्यांना खुला असलेला ब्लूरेट्रो प्रकल्प आहे. सोल्डरिंग येणाऱ्याला त्यावरून नऊ पिनांचा रिसीव्हर घरी करता येतो.

फक्त त्याआधी मल्टिमीटरने पिना तपासून घ्या, कारण जुना रिमोट वीज जवळपास खातच नव्हता आणि ईएसपी३२ रेडिओ चालू असताना शंभर मिलिअँपिअरच्या पुढे जाते. पोर्टमध्ये ५ व्होल्ट येतात, चिपला ३.३ लागतात. मधला फरक सांभाळणारा रेग्युलेटर रिसीव्हरवर हवाच. मशीनचा मूळ अ‍ॅडॅप्टर तीस वर्षांचा असेल तर तोही बदला, नाहीतर रिसीव्हर मधूनच बंद पडून पुन्हा चालू होईल आणि दोष उगाच ब्लूटूथवर जाईल. एवढं करायचं नसेल तर तुटलेली वायर दोन इंच कापून पाच तारा पुन्हा जोडून द्यायला एम.जी. रोडवरचा एखादा दुरुस्तीवाला तयार होतो. त्या रिमोटला लॅग नाही आणि चार्जिंगही नाही.