शहर चांगलं आहे, पण कुणाला विचारून?

ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या १११ शहरांची एक यादी जाहीर केली. राहायला सगळ्यांत सोयीचं शहर कोणतं, हे सांगणारी ही यादी. तिच्यात पुणे पहिलं आलं, नवी मुंबई दुसरी, बृहन्मुंबई तिसरी. मी पुण्यात राहते, त्यामुळे त्या दिवशी मलाही बरं वाटलं. बंगळुरू त्या यादीत ५८ व्या क्रमांकावर होतं.

मार्च २०२१ मध्ये पुढची यादी आली. दहा लाखांहून जास्त वस्तीच्या शहरांमध्ये बंगळुरू पहिलं होतं आणि पुणे दुसरं. दोघांच्या गुणांमध्ये अर्ध्या गुणाचाही फरक नव्हता.

अडीच वर्षांत बंगळुरूमध्ये असं काय घडलं असेल? तिथले रस्ते मोकळे झाले नव्हते, तळी स्वच्छ झाली नव्हती. शहर बरंचसं होतं तसंच होतं. बदलली होती ती मोजपट्टी. पहिल्या यादीत १०० पैकी ४५ गुण घरं, पाणी, वीज, वाहतूक अशा भौतिक सोयींना होते. प्रशासन आणि सामाजिक बाबींना प्रत्येकी २५, आणि अर्थव्यवस्थेला फक्त ५. दुसऱ्या वेळी मांडणीच नवी झाली. जीवनमानाला ३५ टक्के, शाश्वततेला २० टक्के, आर्थिक क्षमतेला १५ टक्के आणि नागरिकांच्या मताला ३० टक्के वजन मिळालं. शिवाय मोठी आणि छोटी शहरं वेगळी काढली गेली. आर्थिक बाजूवर बंगळुरूने बाकीच्यांना बरंच मागे टाकलं होतं, आणि त्या बाजूचं वजन आता तिप्पट झालं होतं.

यात लबाडी झाली असं मला म्हणायचं नाही. पाणी महत्त्वाचं की नोकरी, याचं उत्तर गणितात नसतं. ते कुणीतरी ठरवावं लागतं. पण एकदा ते आकड्यात लपलं की आपण त्याला निर्णय म्हणत नाही, निकाल म्हणतो.

निर्देशांक तयार करण्याची रीत अशी. आधी प्रत्येक गोष्ट एका मापात आणायची. दर माणशी किती लिटर पाणी, दर हजारी किती खाटा, हवेत किती धूळ, ही सगळी वेगवेगळी एककं ० ते १०० च्या पट्टीवर बसवायची. मग प्रत्येकाला वजन द्यायचं आणि बेरीज करायची. यातली बेरीज सगळ्यांत साधी दिसते, आणि तीच सगळ्यांत फसवी आहे. समजा, एका शहराला नोकऱ्यांसाठी ९० गुण आहेत आणि पाण्यासाठी १०. दुसऱ्याला दोन्हींत ५०-५०. सरासरी दोघांची सारखीच, ५०. म्हणजे बेरजेच्या मते चांगली नोकरी असली की कोरडा नळ चालतो. ज्यांच्या सोसायटीत उन्हाळाभर टँकर येतो त्यांना विचारा, चालतो का ते.

यावर एक उपाय आहे. बेरीज करण्याऐवजी गुणाकार करून मूळ काढायचं, ज्याला भूमितीय सरासरी म्हणतात. ९० गुणिले १० म्हणजे ९००, त्याचं वर्गमूळ ३०. दुसऱ्या शहराचं मात्र ५० च राहतं. एका बाजूची दैना दुसऱ्या बाजूच्या श्रीमंतीने झाकली जात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकाने २०१० मध्ये नेमका हाच बदल केला.

आणि शहर म्हणजे कुठपर्यंत, हाही प्रश्न आहेच. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावं आली आणि २०२१ मध्ये आणखी २३. गावं पालिकेत आली की ज्या संख्येने भागायचं ती संख्या त्याच दिवशी बदलते. कोथरूडच्या नळाला एक थेंबही कमी न येता शहराची सरासरी खाली येऊ शकते.

जगभरच्या शहरांच्या याद्यांचं तर मूळच निराळं आहे. लंडनच्या इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट या संशोधन संस्थेची यादी दरवर्षी बातम्यांत येते. मेलबर्न २०११ पासून २०१७ पर्यंत सलग सात वर्षं तिच्यात पहिलं होतं, त्यानंतर व्हिएन्नाने अनेकदा मान पटकावला. तीस घटक, पाच गट. स्थैर्य आणि संस्कृती-पर्यावरण यांना प्रत्येकी २५ टक्के, आरोग्यसेवा आणि पायाभूत सोयींना प्रत्येकी २०, शिक्षणाला १०. या गुणांचा एक उपयोग अगदी व्यवहारी आहे. कंपनीने आपला माणूस परदेशातल्या शहरात पाठवला, तर त्याला तिथल्या त्रासाचा भत्ता किती द्यायचा, हे ठरवायला ते वापरतात. ८० च्या वर गुण असलेल्या शहरासाठी भत्त्याची गरज नाही, ५० च्या खाली असेल तर पगाराच्या २० टक्के. म्हणजे हे मोजमाप बाहेरून येणाऱ्या, चांगल्या पगाराच्या माणसाच्या नजरेतून झालेलं आहे. त्याच्या दृष्टीने ते ठीकच आहे. पण त्याच शहरात धुणीभांडी करायला दोन बस बदलून जाणाऱ्या बाईचा प्रश्न तिथे विचारलेलाच नाही. २०२१ मध्ये कोविडच्या काळात ऑकलंड या यादीत पहिलं आलं आणि पुढच्याच वर्षी ३४ व्या क्रमांकावर गेलं. शहर तेच होतं. इतर ठिकाणची टाळेबंदी उठली, एवढंच.

मग सरळ राहणाऱ्यांनाच विचारावं. भारताच्या दुसऱ्या यादीत ३० टक्के वजन मिळालं ते यालाच. देशभरातल्या ३२ लाखांहून जास्त लोकांची मतं घेतली गेली, आणि नागरिकांच्या मतात सगळ्यांत वर आलं भुवनेश्वर, त्याच्या पाठोपाठ सिल्वासा आणि दावणगेरे. बंगळुरूही नाही, पुणेही नाही.

लोकांना विचारणं हेही वाटतं तितकं सोपं नसतं. १९९८ मध्ये डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानमन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या जवळजवळ दोन हजार विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले. काही कॅलिफोर्नियात शिकणारे होते, काही मध्य-पश्चिमेच्या गोठवणाऱ्या थंडीत. काहींना विचारलं, तुम्ही आयुष्यावर किती समाधानी आहात? उरलेल्यांना विचारलं, तुमच्यासारखाच विद्यार्थी या दोनपैकी एका भागात असता तर किती समाधानी असता? स्वतःबद्दलची उत्तरं दोन्हीकडे जवळपास सारखी होती. पण कॅलिफोर्नियातले लोक जास्त सुखी असणार, असं दोन्हीकडच्यांना वाटत होतं. दोन जागांची तुलना करायला बसलो की जो फरक डोळ्यात भरतो, तोच आपण आयुष्यभर पसरवतो. पुण्याहून मुंबईला जायचं ठरवणारा माणूस लोकलची गर्दी आणि समुद्र एवढंच मनात आणतो. मुंबईत राहणाऱ्याच्या दिवसात मात्र त्याखेरीज डबा असतो, साहेब असतो, मुलाची परीक्षा असते, दुखणारा गुडघा असतो.

याचा अर्थ लोकांच्या मताला किंमत नाही असा नव्हे. २०१० मध्ये अँड्र्यू ऑस्वल्ड आणि स्टीफन वू या अर्थशास्त्रज्ञांनी १३ लाख अमेरिकनांची उत्तरं तपासली. कोणत्या राज्यातले लोक समाधानी आहेत, आणि ऊन, हवा, गुन्हे, प्रवासाचा वेळ यांसारख्या मोजलेल्या गोष्टींवरून कोणती राज्यं चांगली ठरतात, हे त्यांनी ताडून पाहिलं. दोन्ही बरंचसं जुळलं. एकेका माणसाचं उत्तर डगमगतं, लाखो उत्तरांतून मात्र जागेचा गुण वर येतो.

काही अर्थशास्त्रज्ञ मात्र तोंडच्या उत्तरावर विसंबत नाहीत, ते पगार आणि भाडं पाहतात. जेनिफर रोबॅक यांनी १९८२ मध्ये मांडलेला विचार असा, की कमी पगार आणि जास्त भाडं सोसूनही लोक एखाद्या गावी टिकून राहत असतील, तर त्या गावात काहीतरी आहे ज्याची किंमत ते मुकाट्याने मोजताहेत. विचार सुरेख आहे. पण त्यात गृहीत धरलंय की माणूस हवं तेव्हा उठून दुसरीकडे जाऊ शकतो. ज्याचं घर, जात, भाषा, म्हातारे आईबाप आणि उधारी एकाच वस्तीत बांधलेली आहे, त्याचं राहणं ही पसंती कशी धरायची?

मला सगळ्यांत जवळची वाटते ती वेगळीच वाट. यादी करायची नाही, मतही विचारत बसायचं नाही. रस्त्यावर जाऊन बघायचं.

डोनाल्ड अॅपलयार्ड हे कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचे प्राध्यापक. १९६० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोमधले तीन रस्ते निवडले. घरं साधारण एकसारखी, लोकही. फरक फक्त वाहनांचा. एका रस्त्यावरून दिवसाला २,००० गाड्या जायच्या, दुसऱ्यावरून ८,०००, तिसऱ्यावरून १६,०००. घरोघरी जाऊन त्यांनी विचारलं, या रस्त्यावर तुमचे मित्र किती, नुसत्या ओळखीचे किती? शांत रस्त्यावर माणशी सरासरी तीन मित्र निघाले, मधल्यावर १.३, वर्दळीच्या रस्त्यावर ०.९. ओळखीचे अनुक्रमे ६.३, ४.१ आणि ३.१. कोण कुणाकडे जातं, हे त्यांनी नकाशावर रेघांनी दाखवलं. शांत रस्त्यावर रेघांचं जाळं दोन्ही बाजूंना जोडत होतं. वर्दळीच्या रस्त्यावर समोरच्या बाजूला जाणाऱ्या रेघा मोजक्याच उरल्या होत्या.

दुसरा प्रश्न याहून जास्त आत शिरणारा होता. ‘माझं घर’ असं तुम्हाला कुठपर्यंत वाटतं, ते नकाशावर दाखवा. शांत रस्त्यावरच्या काहींनी अख्खा रस्ता आपला म्हणून दाखवला. मोठ्या रस्त्यावरचे लोक आपल्या इमारतीच्या आत, कुणी कुणी तर आपल्या खोल्यांपर्यंतच थांबले.

माझी आई सत्तरी ओलांडलेली आहे. तिच्या मैत्रिणीचं घर आमच्या खिडकीतून दिसतं. मधल्या चौकात सिग्नल पादचाऱ्यांना इतका थोडा वेळ देतो, की दुभाजकापर्यंत पोचेस्तोवर समोरच्या गाड्या सुटलेल्या असतात. दोघी आता फोनवर बोलतात. अॅपलयार्डचे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ती पुसलेली रेघ दिसली.

सरासरीत कोण हरवतं, हे व्हिएन्नाने एकदा फार चांगलं पकडलं. याद्यांमध्ये अनेकदा पहिलं आलेलंच ते शहर. १९९० च्या दशकात तिथल्या बागांत कोण खेळतं याची पाहणी झाली. लहान असताना मुलं-मुली सारख्याच संख्येने दिसत होती. वयाच्या नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागेतून जवळजवळ नाहीशा होत होत्या, मुलगे तसेच राहत होते. मुलींना कुणी मज्जाव केलेला नव्हता. मोकळी जागा आणि चेंडूची जाळीबंद मैदानं मुलगे आधी धरत, आणि मैदानात शिरायला एकच दार असे. त्या दारात मुलांचा घोळका उभा असला की मुली आत जायच्याच नाहीत. १९९९ मध्ये पाचव्या विभागातल्या दोन बागांची पुन्हा आखणी झाली. मैदानांना जास्त दारं ठेवली, मोठी जागा छोट्या भागांत विभागली, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली, पायवाटांवर उजेड वाढवला, घोळक्याने बसता येईल अशी बाकं दिली. मुली परत येऊ लागल्या.

ती पाहणी होण्याआधी कुणी हिशेब मांडला असता, तर ‘दर माणशी बागेची जागा’ या रकान्यात व्हिएन्नाला उत्तम गुण मिळाले असते, आणि ते खरेही असते. आपल्याकडच्या बागेच्या दारातही मी हल्ली पाच मिनिटं थांबून बघते. कठड्यावर कोण बसलंय, झोपाळ्यापाशी कोण आहे, आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुली कुठे आहेत.

अॅपलयार्ड यांचं पुस्तक १९८१ मध्ये आलं. पुढच्याच वर्षी अथेन्समध्ये एका भरधाव गाडीने धडक दिली आणि ते गेले. त्यांचा मुलगा ब्रूस तेच काम पुढे करतो. त्याने कॅलिफोर्नियातल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलांना आपल्या वस्तीचा नकाशा काढायला सांगितला. कमी गाड्यांच्या वस्तीतल्या मुलांच्या कागदावर झाडं आली, मित्रांची घरं आली, खेळायच्या जागा आल्या. जास्त गाड्यांच्या वस्तीतली मुलं बहुतेक वेळ गाडीच्या मागच्या सीटवर असायची. त्यांच्या कागदावर धोक्याच्या आणि नावडत्या जागा जास्त होत्या, आणि त्यांच्या मधला भाग बराचसा कोरा होता.